जुन्या दुनळी बंदुकीचा बद्द आवाज

कुंभाराकडून मडकें घेतांना तें बोटाच्या पेरानें वाजवून पाहावयाचें, सराफानें रुपया दगडावर टाकून त्याचा नाद ऐकावयाचा, नवी घंटा देवळांत टांगण्यापूर्वीं तिच्यावर एकदां हलकेच टोला मारावयाचा, ही आपल्याकडील फार जुनी रीत आहे. 'वाजवून घेणें' हा शब्दप्रयोग भाषेंत रुळला तो अशा रीतींतूनच. वस्तु अखंड असली म्हणजे तिचा आवाज खणखणीत निघतो. तिला चीर गेली असली, सांधा सुटला असला किंवा धातूंत भेसळ असली म्हणजे ती बद्द वाजते. १८३५ सालापासून इंग्रजी अमलांत जो एकसारखा रुपया चालला त्यांत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी होती, आणि त्याचा नाद सराफाच्या कानाला पाठ होता. १९४० सालीं रुपयांतील चांदी निम्म्यावर आली, १९४७ सालीं रुपया निकेलचा झाला, आणि कानानें नाणें पारखण्याची ती विद्याही हळूहळू पेढीवरून उठली.

मडकें बद्द निघालें तर पाणी गळतें. रुपया बद्द निघाला तर सोळा आण्यांचें नुकसान होतें. परंतु जुन्या घरांतून अजूनही कोठें कोठें एक वस्तु अशी आढळते कीं जिच्या बद्द आवाजाकडे दुर्लक्ष केलें तर हात, डोळा किंवा प्राण गमावण्याची पाळी येते. ती वस्तु म्हणजे आजोबा-पणजोबांच्या वेळची दुनळी बंदूक. हलविली म्हणजे आंत कांहीं तरी खुळखुळतें, उघडतांना 'टक्' असें होतें, बार पूर्वींसारखा वाजत नाहीं, अशा तक्रारी या बंदुकीविषयीं नेहमीं ऐकूं येतात. या आवाजांचा अर्थ काय, तो कसा लावावा, आणि कान कोठपर्यंत विश्वासार्ह मानावा, हें समजण्यास त्या बंदुकीचा थोडा इतिहास आणि तिची घडण माहीत असावी लागते.

वसई तालुक्याच्या समुद्राकडील पट्ट्यांत, आगाशी, अर्नाळा आणि नालासोपारा यांच्या परिसरांत वटार हें गांव आहे. हा मुलूख पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. १ ऑगस्ट २०१४ पासून तो नव्या पालघर जिल्ह्यांत आला. केळीच्या बागा, पानमळे, भाजीचे वाफे आणि आगाशीचीं सुकेळीं यांबद्दल हा पट्टा प्रसिद्ध आहे. समुद्र जवळ, खाडी जवळ, पावसाळा दांडगा. त्यामुळें हवेंत ओल आणि क्षार हे बारमाही. केळीला ही हवा मानवते, लोखंडाला मानवत नाहीं. कोयता-विळ्यावर चार दिवसांत तांबूस थर चढतो तेथें माळ्यावर गुंडाळून ठेवलेल्या बंदुकीचें काय होत असेल, हें निराळें सांगावयास नको.

बारुदी हत्यारांशीं या किनाऱ्याची ओळखही जुनी आहे. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें जिंकलें, आणि तेथील कारागीर बंदुका घडविण्यांत इतके तरबेज आढळले कीं खुद्द आल्बुकेर्कनें त्यांच्या कामाची प्रशंसा आपल्या राजाकडे लिहून पाठविली. १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे आली, आणि पुढें दोनशें वर्षें त्यांच्या ताब्यांत राहिली. १७३७ सालीं मराठ्यांनीं अर्नाळा घेतला. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीआप्पांच्या सैन्यानें दीर्घ वेढ्यानंतर वसईचा कोट सर केला. त्या विजयाची आठवण म्हणून वसईकडील चर्चच्या घंटा देशावर नेण्यांत आल्या व निरनिराळ्या देवळांत टांगल्या गेल्या. १७४७ सालीं बांधलेल्या नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरील घंटा त्यांपैकींच एक मानली जाते, आणि 'नारोशंकराची घंटा' हा शब्द तर महाराष्ट्रांत घरोघर झाला. वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांच्या वाड्यामागें कृष्णेच्या घाटावर जी घंटा आहे तिच्यावर १७०७ हें साल आहे.

या घंटांचा येथें उल्लेख करण्याचें कारण असें कीं घंटा आणि बंदुकीची नळी यांची परीक्षा एकाच तत्त्वावर होते. घंटा एका ओतकामांतून निघालेली, एकजीव असते. टोला बसला कीं तिचा सर्व देह एकदम कंप पावतो आणि तो कंप बराच वेळ टिकतो. तिला केसाएवढी जरी चीर गेली तरी चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासतात, कंप तेथेंच खर्ची पडतो आणि आवाज बसतो. लंडनच्या पार्लमेंटावरील 'बिग बेन' या प्रचंड घंटेला १८५९ सालीं, वाजूं लागल्यावर थोड्याच महिन्यांत, तडा गेला. तिला थोडी फिरवून टोला नव्या जागीं बसेल असें केलें आणि हातोडा हलका केला. १९२३ च्या अखेरीपासून नभोवाणीवरून जगभर ऐकूं येणारा तिचा नाद हा त्या तडा गेलेल्या घंटेचाच नाद आहे. आगगाडीच्या चाकांवर लांब दांड्याची हातोडी मारीत जाणारा कामगार स्थानकांवर पूर्वीं नेहमीं दिसे, तोही हीच परीक्षा करीत असे. वैद्यकांतसुद्धां ही रीत आहे. व्हिएन्ना येथील डॉक्टर औएनब्रुगर यानें १७६१ सालीं रोग्याच्या छातीवर बोटांनीं ठोकून आंतील विकार ओळखण्याची पद्धति प्रसिद्ध केली. तो खाणावळवाल्याचा मुलगा. दारूचें पीप कोठपर्यंत भरलें आहे हें ठोकून पाहण्याची रीत त्याच्या घरचीच होती, असें सांगतात.

दुनळी बंदूक मात्र घंटेसारखी एकजीव नसते. ती अनेक तुकड्यांचा सांधा असते. ती या स्वरूपाला कशी आली हें थोडक्यांत पाहूं. मराठेशाहींत चालत होती ती मुख्यतः तोड्याची बंदूक. जळता तोडा कानाच्या दारूला लागला कीं बार उडे. पुढें युरोपांतून चकमकीची बंदूक आली. तिच्यांत गारेचा तुकडा पोलादावर आपटून ठिणगी पडे. १८०७ सालीं फोरसाइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकानें आघातानें पेटणाऱ्या द्रव्याचा उपयोग करण्याचा हक्क नोंदविला आणि त्यांतून पुढें तांब्याच्या टोपीची बंदूक निघाली. या सर्व बंदुका ठासणीच्या. तोंडाकडून दारू, मग गुट्टा, मग छर्रे, मग पुन्हा गुट्टा, असा क्रम असे, आणि गजानें ठासण्यांत इतका वेळ जाई कीं पहिला बार चुकला तर दुसऱ्याची आशाच नको. दोन नळ्या शेजारीं शेजारीं जोडण्याची कल्पना या अडचणींतून बळावली. लंडनच्या जोसेफ मँटन या कारागिरानें १८०६ सालीं दोन नळ्यांच्या मधोमध वरून उंच पट्टी बसविण्याचा हक्क नोंदविला; नेमबाजाची नजर त्या पट्टीवरून सरळ निशाणावर जावी हा तिचा हेतु.

मग फ्रान्समध्यें लफोशो यानें मधोमध बिजागरीवर मोडणारी, मागून काडतूस भरण्याची बंदूक १८३० नंतरच्या दशकांत सिद्ध केली. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनांत ती इंग्रज कारागिरांच्या नजरेस पडली. १८७५ सालीं बर्मिंगहॅमच्या अँसन आणि डीली या दोघांनीं, बंदूक मोडतांनाच आंतले घोडे आपोआप चढतील अशी योजना केली. आज जुन्या घरांतून ज्या बाहेर घोडा नसलेल्या दुनळी बंदुका आढळतात त्यांतील पुष्कळांची रचना मूळ ह्याच नमुन्यावरची आहे.

या बंदुका हिंदुस्थानांत येत त्या बहुधा इंग्लंडांतून किंवा बेल्जममधील लीज शहरांतून. लीजच्या कांहीं हलक्या बंदुकांवर प्रसिद्ध इंग्रज कारखान्यांच्या नांवांशीं मिळतींजुळतीं नांवें कोरलेलीं असत. म्हणून नळीवरील नांव हा गुणाचा पुरावा मानतां येत नाहीं. देशांतही बंदुका होत. मीर कासीमनें १७६२ च्या सुमारास मोंगीर येथें राजधानी नेऊन तेथें शस्त्रशाळा काढली आणि तेथील बंदूक-कारागिरांची परंपरा पुढेंही टिकली. १८६७ सालीं विरारपासून मुंबईपर्यंत रोजची गाडी सुरू झाली आणि वसई-आगाशीच्या लोकांना मुंबईचा बाजार हाताशीं आला. परंतु ११ वर्षांनींच, १८७८ सालीं, लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत हत्यारांचा कायदा झाला आणि परवान्याशिवाय बंदूक बाळगणें हिंदी माणसाला गुन्हा ठरलें. त्यामुळें गांवांत ज्याच्या घरीं परवान्याची बंदूक असे तिला संरक्षणाइतकेंच मानाचेंही मोल आलें. अशी वस्तु सहजासहजीं टाकली जात नाहीं. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे ती जाते, आणि तिच्याबरोबर तिचे सुटलेले सांधेही जातात.

आतां घडणीकडे वळूं. दोन्ही नळ्यांचीं मागचीं टोकें पितळेच्या पक्क्या डाखानें एकत्र बसवितात. तेथून तोंडापर्यंत वरून एक व खालून एक अशा दोन लांब पट्ट्या कथील-शिशाच्या कच्च्या डाखानें चिकटवितात. नळ्या पाहणाऱ्याला समांतर वाटतात. पण तशा त्या नसतात. सुमारें ४० यार्डांवर दोन्हींचे छर्रे एकाच जागीं पडावे म्हणून त्या तोंडाकडे किंचित् जवळ येत जातात, आणि त्यांना त्या स्थितींत धरून ठेवण्याचें काम या पट्ट्यांकडे असतें. कच्चा डाख २०० अंशांच्या आसपासच्या उष्णतेला वितळतो. म्हणजे पट्टी सुटण्यास फार मोठें कारण लागत नाहीं. बंदूक उंचावरून पडली, तिच्या नळ्या कोणा लोहारानें भट्टींत तापवून पोचा काढला, किंवा ओल पट्टीखालीं शिरून आंतून गंज धरला, कीं डाख जागोजाग सुटूं लागतो. नळ्यांना नवा काळा रंग आणण्यासाठीं दाहक सोड्याच्या उकळत्या द्रावांत त्या बुडविण्याची एक आधुनिक रीत आहे. एकनळी पोलादी बंदुकीला ती चालते. दुनळीला ती घातक, कारण तो द्राव कथलाचा डाख खातो. दुनळीचा रंग हळूहळू गंज चढवून व उतरवूनच काढावा लागतो. वरून चकचकीत झालेली बंदूक आंतून सैल झाल्याचीं उदाहरणें ह्यामुळेंच घडतात.

पट्टी सुटली आहे कीं नाहीं हें ओळखण्यास बंदूक-कारागीर कानाचाच आश्रय घेतो. प्रथम बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत अशी डोळ्यांनीं व बोटानें खात्री करावयाची. हा नियम प्रत्येक वेळीं पाळावयाचा, बंदूक शंभरदां पाहिलेली असली तरीही. मग नळ्यांखालचा लांकडी हातधरा काढून नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करावयाच्या. त्यांच्या मागच्या टोकाखालीं जो पोलादी आंकडा असतो त्यांत जाड दोरा घालून त्या मोकळ्या टांगावयाच्या, कोठेंही टेकूं द्यावयाच्या नाहींत, आणि बोटाच्या पेरानें किंवा लांकडाच्या लहान तुकड्यानें हलकेच ठोकावयाचें. सांधे अखंड असले तर नळ्या घंटेसारख्या निनादतात आणि तो नाद रेंगाळतो. कोठें डाख सुटला असला तर नाद लगेच विरतो, किंवा त्यांत भुंग्यासारखी एक घरघर मिसळते. एका वेळीं एकेक जागीं पट्टीवर बोट दाबून पुन्हा ठोकलें कीं ज्या जागीं घरघर थांबते तेथें दोष असण्याचा संभव अधिक.

या परीक्षेंत एक फसगत मात्र होऊं शकते. काडतूस बाहेर ढकलणारा भाग नळ्यांच्या टोकाशींच बसविलेला असतो. तो सैल असला तर तोच खुळखुळतो. पट्टा अडकविण्याची कडी असली तर तीही वाजते. म्हणून हे भाग काढून किंवा घट्ट धरून मगच निर्णय द्यावयाचा. चांगला कारागीर घाईनें पट्टी सुटली असें म्हणत नाहीं. कारण नवी पट्टी बसविणें म्हणजे दोन्ही नळ्या पुन्हा तापवून, जुळवून, नेम तपासून देणें. तें काम महागडें आहे आणि वाईट हातांत गेलें तर मूळ दोषाहून अधिक घातक आहे.

दुसरा आवाज बंदूक मिटविल्यावर येतो. हातधरा काढून, मिटलेली रिकामी बंदूक दस्त्याच्या मानेशीं धरून हलकेच हलविली असतां 'टक् टक्' असें बारीक ठोकल्यासारखें जाणवलें, तर नळ्यांचीं टोकें मागच्या पोलादी भिंतीला चिकटून बसत नाहींत असें समजावें. हातधरा काढावयाचा तो एवढ्याचसाठीं कीं त्याच्या कमानीचा दाब ही सैलाई झांकून टाकतो. उजेडाकडे धरून दोहोंमधून प्रकाशाची रेघ दिसते का तें पाहावें. वर्षानुवर्षें जड काडतुसें वापरल्यानें, किंवा बंदूक झटक्यानें उघडण्या-मिटण्याच्या संवयीनें बिजागरीची खीळ झिजते आणि ही फट पडते. बार उडतांना काडतुसाच्या पितळी बुडाला मागून भक्कम आधार हवा असतो. फट मोठी असली तर बूड फाटून जळता वायु नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येऊं शकतो. अशा जागीं पत्र्याची चकती घालून किंवा आंकडा हातोडीनें ठोकून फट बुजविण्याचा उपाय गांवठी भट्टीवर करून घेतां येतो. तो दोन-चार बार टिकतो आणि मालकाला खोटा धीर देतो. खरा उपाय म्हणजे खीळ बदलणें किंवा आंकड्यांत नवा तुकडा सांधणें. आणि तो जाणत्या कारागिराचाच प्रांत आहे.

तिसरा आवाज चापांच्या मागचा. दोन्ही घोडे सारख्याच जोरानें पडतात कीं नाहीं हें त्यांच्या आवाजावरून कळतें. एक तीक्ष्ण आणि दुसरा मऊ वाजत असेल तर त्या बाजूची कमान थकली आहे, मोडली आहे, किंवा जुनें तेल गोठून तिला अडवीत आहे. घरांत हाताशीं असलेलें खोबरेल बंदुकीला लावणें ह्याच कारणास्तव बरें नव्हे. तें २४ अंशांच्या सुमारास थिजतें आणि जुनें झालें कीं चिकटतें. ही परीक्षा नुसत्या रिकाम्या नळीवर वारंवार घोडा पाडूनही करूं नये. समोर आधार नसल्यानें आंतील सुई मोडण्याचा संभव असतो. त्यासाठीं दारू नसलेलीं खोटीं काडतुसें मिळतात, तीं घालावीं.

चौथा आवाज सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याचा विचार करावयास माणसाला दोन क्षणही मिळत नाहींत. तो बाराचाच आवाज. पूर्वीं काडतुसाचें नळकांडें कागदी असे. दमट हवेंत तें फुगे आणि आंतील दारूही मंदावे. वसईच्या किनाऱ्यासारख्या ठिकाणीं जुनीं काडतुसें कधींही विश्वासाचीं नसतात. अशा काडतुसाचा बार धडाक्यानें न होतां 'फुस्स' असा झाला तर गुट्टा किंवा छर्रे नळींतच अडकून राहिले असण्याचा पुष्कळ संभव असतो. पुढें जनावर दिसत असतें, मनांत घाई असते, आणि पुन्हा त्याच नळींत काडतूस भरून दुसरा बार केला जातो. अडकलेल्या डाटामागें दाब सांचून नळी फुगते किंवा फुटते. बारीक मापाचें काडतूस चुकून मोठ्या नळींत पडलें तरी हेंच घडतें. २० नंबरचें काडतूस १२ नंबरच्या नळींत पुढें सरकून अडकतें, मागें जागा रिकामी दिसते, आणि १२ नंबरचें दुसरें काडतूस तेथें सहज बसतें. हा अपघात जगांत इतक्या ठिकाणीं झाला कीं पुढें २० नंबरच्या काडतुसाचा रंग पिंवळा ठेवण्याची रीतच पडली. चाप ओढल्यावर मुळींच आवाज झाला नाहीं तर बंदूक निर्धोक दिशेला धरून अर्धा मिनिट तरी तशीच ठेवावी. पेट उशिरां घेणारें काडतूस उघडतांना हातांतच उडूं शकतें.

नळी फुटते ही गोष्ट पुस्तकी नाहीं. 'जंगल लोर' या १९५३ सालच्या पुस्तकांत जिम कॉर्बेट यानें आपल्या बाळपणच्या पहिल्या बंदुकीचें वर्णन केलें आहे. ती ठासणीची दुनळी होती. जास्त दारू भरल्यानें तिची एक नळी तडकलेली होती आणि मोडका दस्ता पितळी तारेनें बांधलेला होता. पुढें नरभक्षकांचा शिकारी म्हणून नांवाजलेला हा माणूस लहानपणीं तिची उरलेली नळीच वापरीत असे. तो बचावला हें खरें. पण तशीच बंदूक हातीं घेतलेल्या किती मुलांचीं नांवें कोणत्याच पुस्तकांत आलीं नाहींत, याचा हिशेब कोणी ठेवला नाहीं.

येथपर्यंत कानाची महती झाली. आतां त्याची मर्यादा सांगितली पाहिजे, कारण खरा धोका तेथेंच आहे. टांगलेल्या नळ्या घंटेसारख्या वाजल्या म्हणजे पट्ट्या घट्ट आहेत, एवढेंच सिद्ध होतें. नळीची भिंत घासून घासून किती पातळ झाली आहे, आंत गंजाचे खड्डे किती खोल आहेत, हें त्या नादांत ऐकूं येत नाहीं. पूर्वींच्या पुष्कळ बंदुकांच्या नळ्या लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, सळईभोंवतीं गुंडाळून आणि भट्टींत सांधून केलेल्या असत. त्यांवर सुंदर लहरी दिसतात आणि त्यांना दमास्कसी नळ्या म्हणतात. त्या सांध्यांत दडलेला गंज कानाला नेहमींच कळतो असें नाहीं.

शिवाय त्या नळ्या ज्या दारूसाठीं केल्या ती दारूच बदलली. जुनी काळी दारू धूर फार करी, पण तिचा दाब तुलनेनें सौम्य असे. १८८४ सालीं व्हिएय या फ्रेंच शास्त्रज्ञानें बंदुकीला उपयोगी पडेल अशी धूररहित दारू तयार केली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत काडतुसें बदलत गेलीं. इंग्लंडांत नळ्यांची सक्तीची परीक्षा करून त्यांवर छाप मारण्याची संस्था जुनी आहे. लंडनच्या बंदूक-कारागिरांच्या संघाला १६३७ सालीं सनद मिळाली, आणि बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ सालीं निघालें. या परीक्षेंत नेहमींच्या भारापेक्षां पुष्कळ जास्त भार घालून नळी उडवितात. ती टिकली तरच छाप मिळतो. नव्या दारूची स्वतंत्र परीक्षा व तिचा छाप हे मात्र १९ व्या शतकाच्या अगदीं अखेरीस आले. तेव्हां ज्या बंदुकीवर केवळ काळ्या दारूचा छाप आहे तिच्यांत आजच्या दुकानांतलें काडतूस घालणें म्हणजे बैलगाडीचा साटा मोटारीच्या चाकांवर चढविण्यासारखें आहे. जुन्या १२ नंबरच्या पुष्कळ बंदुकांत काडतुसाची जागा अडीच इंचांचीच असते. पावणेतीन इंचांचें काडतूसही तींत बसतें, कारण त्याचें तोंड बार झाल्यावरच उलगडतें. परंतु उलगडलेल्या तोंडाला पुढें जागा नसते आणि दाब वाढतो. यांतली एकही गोष्ट ठोकून ऐकूं येत नाहीं. ती पाहावी लागते, मापावी लागते, आणि नळीखालचे बारीक छाप वाचून ठरवावी लागते.

म्हणून क्रम असा ठरतो. बद्द आवाज आला तर बंदूक वापरूं नये. हा निर्णय कान एकटा देऊं शकतो. आवाज खणखणीत आला तर ती वापरावी, असा निर्णय देण्याचा अधिकार मात्र कानाला नाहीं. नकार देण्यास एक साक्षीदार पुरतो. संमति देण्यास सर्व साक्षीदार एकमत व्हावे लागतात.

गांवोगांव फिरणारे शिकलगार पूर्वीं तरवारी-कट्यारींना पाणी चढवीत आणि शहरांतून परवान्याचे बंदूक-कारागीर असत. आतां हा धंदा फार आकुंचित झाला आहे. १९५९ च्या हत्यार कायद्यानें १८७८ चा कायदा गेला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकारीचा काळ संपत आला. २०१९ च्या दुरुस्तीनें एका परवान्यावर तीनऐवजीं दोनच हत्यारें ठेवतां येऊं लागलीं. दुरुस्तीचें कामही परवानाधारक कारागिराकडेच द्यावें लागतें. परवानाधारक वारला म्हणजे त्याची बंदूक आपोआप मुलाची होत नाहीं. ती जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा परवान्याच्या दुकानदाराकडे जमा करावी लागते आणि मुलाला हवी असली तर त्यानें स्वतंत्र परवाना मागावा लागतो. वटार-आगाशीच्या बाजूला असो वा मुंबईच्या चाळींत असो, माळ्यावरच्या गाठोड्यांत निघालेल्या बंदुकीला हाच नियम लागू आहे.

पुष्कळ कुटुंबांना अशा वेळीं वाटतें कीं आजोबांची आठवण गेली. परंतु आठवण जपावयाची ती वस्तूची जपावी. तिचा बार जपण्याचें कारण नाहीं. वसईच्या घंटा लढाईंतून आल्या आणि पुढें अडीचशें वर्षांहून अधिक काळ देवापुढें वाजत राहिल्या, कारण त्यांच्याकडून नादाखेरीज दुसऱ्या कशाची अपेक्षा केली गेली नाहीं. जुन्या बंदुकीची परीक्षा नीट करवून, ती थकली असें ठरलें तर कायद्याच्या रीतीनें तिला कायमची निकामी करून घेणें, हा तिच्या वयाचा मान राखण्याचाच एक मार्ग आहे. जिनें पूर्वीं घराचें रक्षण केलें तिच्या हातून घरांतल्याच मुलाला इजा होऊं नये, एवढी काळजी घेणें हें वारसानें आपलें पहिलें कर्तव्य मानावें.